निवडीची भिंत: प्रकल्प नोंदी (डिचोली, गोवा, जून ते नोव्हेंबर २०२५)

१४ जून

वाचनालयाच्या समितीने होकार दिला. वरच्या हॉलची लांब भिंत नोव्हेंबरपासून आमची, पुढच्या चवथीपर्यंत कोणी हात लावायचा नाही. विषय नैसर्गिक निवड आणि नव्या प्रजाती. आम्ही तिघं: अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणारा मी, चित्रकलेच्या बाई, आणि छपाईचं बघणारा एक माजी विद्यार्थी. जोडीला अकरावीची पोरं, पाऊस बघून येतील किंवा येणार नाहीत.

पहिला निर्णय लगेच झाला. वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची ती रांग भिंतीवर येणार नाही. बाईंनी कच्चं चित्र काढून आणलं होतं, देखणं होतं, तरी नाही. त्या रांगेत प्रत्येक जण पुढच्यात बदलत जातो आणि बघणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की उत्क्रांती म्हणजे एका जिवाची बढती. शिवाय आजची माकडं आपले पूर्वज नव्हेत. त्यांचे आणि आपले पूर्वज एक, हे त्या रांगेत कुठेच दिसत नाही.

त्याऐवजी नियम केला. निवड दाखवणाऱ्या प्रत्येक पॅनेलवर एक समूह, आधी आणि नंतर. कोण किती होते, कोण किती उरले, उरलेल्यांची पोरं कशी निघाली. मध्ये कोणी बदलताना दाखवायचं नाही. ज्या उदाहरणात अशी मोजदाद मांडता येत नाही ते कितीही सुंदर असो, भिंतीवर नको. बाई म्हणाल्या, "सर, मग मी चित्रं काढू की हिशेबाची वही?" जवळजवळ वहीच.

२१ जून

मयेवरून चोडणला, खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती बघायला. पोरांना बांध माहीत असतो, तो चालतो कसा हे माहीत नसतं. मानशीच्या लाकडी दारापाशी बराच वेळ थांबलो. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. एवढं करूनही मीठ आत राहतंच. उन्हाळ्यात ते मातीच्या वरच्या थरात येतं आणि जूनचा पाऊस ते धुऊन नेतो. पाऊस लांबला किंवा बांधाला भगदाड पडलं की रोपं करपतात.

एका काकांकडे घरचं राखलेलं कोरगूट आहे, भाताचं जुनं वाण. शेजारच्या तुकड्यात ज्योती, हे सुधारित. म्हणाले, "मास्तर, खारं पाणी शिरलं की ज्योती झोपते. कोरगूट पिवळं पडतं, पण उठतं." आमच्यातल्या एकीने विचारलं, "काका, मिठाची सवय लागली काय त्याला?"

"सवय कसली गो! जे मेलं त्याचं बी कोण राखणार?"

पहिल्या पॅनेलचं शीर्षक मिळालं. माझ्या टिपणातली दोन पानं यातच आली.

टिपणातलं जे ठेवायचं ते असं: मीठ रोपाला दोन बाजूंनी मारतं. मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं, आणि आत गेलेलं सोडियम पानांत साठून पान जळतं. काही रोपांची मुळं सोडियम कमी आत घेतात, काही रोपं ते जुन्या पानांत कोंडून ठेवतात आणि नवी पानं वाचवतात. रोपारोपांतला हा फरक खारं पाणी यायच्या आधीचा असतो. पाण्याने तो घडवला नाही, पाणी ही फक्त चाळण.

परतताना बाईंचा मुद्दा: बी शेतकऱ्याने राखलं, मग याला नैसर्गिक निवड कशी म्हणायची? बरोबर आहे. इथे हात दोन आहेत, मारणारं मीठ आणि राखणारा माणूस. डार्विननेही आपला युक्तिवाद पाळीव कबुतरांपासूनच सुरू केला होता. कोरगूट पहिलंच ठेवायचं आणि दोन्ही हात चित्रात दाखवायचे असं ठरलं.

२८ जून

आज संगणकाच्या खोलीत. प्रश्न फळ्यावर: शेतात शंभरात एक रोप मीठ सोसणारं आहे. दर पिढीला त्याची पैदास इतरांपेक्षा १० टक्के जास्त. निम्मं शेत त्याचं व्हायला किती पिढ्या लागतील? पोरांचे अंदाज पाचशेपासून दहा हजारांपर्यंत.

मग एक्सेलमध्ये मांडलं. सोसणारी भागिले न सोसणारी हे गुणोत्तर दर पिढीला १.१ ने गुणायचं, बस. उत्तर सुमारे ४८ पिढ्या. ९९ टक्क्यांवर जायला आणखी तेवढ्याच. गंमत आलेखाच्या आकारात आहे. पहिल्या चोवीस पिढ्यांत १ टक्क्यावरून कसेबसे ९ टक्के, पुढच्या चोवीसांत ९ वरून थेट ५०. पहिली निम्मी वाट शेताकडे बघणाऱ्याला काहीच घडत नाहीसं वाटेल. फायदा १ टक्क्यावर आणला तर निम्म्यापर्यंत पोचायला ४६० च्या वर पिढ्या. एका हयातीत दिसणार नाही, पण डोंगराच्या हिशेबात काहीच नाही.

भात वर्षाला एक पिढी, म्हणजे १० टक्के फायद्याला अठ्ठेचाळीस पावसाळे, एका शेतकऱ्याची कारकीर्द. डासाची पिढी दोन-तीन आठवड्यांची धरली तर तोच हिशेब दोन ते पावणेतीन वर्षांत संपतो. हे ऐकून मागच्या बाकावरचेसुद्धा पुढे आले.

खाली तळटीप हवी. भातात बहुतेक स्वपरागीभवन होतं, म्हणून इतकं सोपं गणित चालून जातं. डासात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि फायद्याची प्रत एकटी असताना तिचा गुण दिसतच नसेल, तर सुरुवात फार रेंगाळते. आणि योगायोग. फायद्याचं रोप शेतात एकटंच असेल तर त्याला गुरं खातील, पाखरं टिपतील. १० टक्के फायदा असूनही अशी नवी सुरुवात ढोबळमानाने पाचांतून चार वेळा नुसत्या योगायोगाने पुसली जाते. हे गणित जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२७ मध्ये मांडलं. ते १९५७ मध्ये भारतात राहायला आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हेही तळटिपेत घालतो. विषयाशी संबंध नाही, पण पोरांना आवडलं.

६ जुलै

रविवार. सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडचा एक ओला कातळ. धबधबा नाही, नुसतं झिरपणारं पाणी आणि शेवाळाचा पातळ थर. पोरं वर धबधबा शोधायला निघाली होती, त्यांना कातळापासून वीतभर अंतरावर नाक धरून उभं केलं. बराच वेळ काही दिसत नाही. मग कातळाचाच एक काळसर ठिपका सरकतो.

बेडूकमासा. डबक्यात नाही, उभ्या कातळावर. पाणी इतकं पातळ की त्याची पाठ वर उघडी राहते. अंग चपटं, डोळे वर आलेले, शेपूट अंगापेक्षा कितीतरी लांब, आणि इतक्या लहान वयात मागचे पाय फुटलेले. तोंड खाली चिकटवून शेवाळ खरवडत वर सरकत होता. बोट जवळ नेल्यावर शेपटीचा एक फटका आणि टुणकन हातभर बाजूला. पाण्यात पोहणारा बेडूकमासा असा उडत नाही.

हे इंडिराना. या बेडकांचं सबंध कूळ फक्त भारतात सापडतं. आपल्या नेत्रावळीच्या अभयारण्यातून इंडिराना सालेलकरी ही प्रजाती २०१५ मध्ये नोंदली गेली. आजच्या कातळावरची कुठली, हे पिल्लू बघून सांगू नये. वहीत नुसतं 'इंडिराना' लिहिलं.

एकाने विचारलं, "सर, कातळावर राहायचं म्हणून त्यांनी पाय लवकर काढले काय?" काकांचं वाक्य त्याच्याच मैत्रिणीने त्याला ऐकवलं. मग गप्पा चांगल्या रंगल्या. डबक्यात मासे, चतुराची पिल्लं आणि इतर बेडूकमाशांची गर्दी. कातळावर वाटेकरी कमी, पण पावसाने आठवडाभर दडी मारली तर सगळं वाळून जातं. ज्यांचे पाय लवकर फुटले त्यांना ओल सरकेल तसं सरकता आलं.

एवढं रंगूनही पॅनेल नाही. आधीची मोजणी नाही, नंतरची नाही. आपण सांगतो ती गोष्ट पटण्याजोगी आहे, पण पटण्याजोगी गोष्ट रचणं हा या विषयातला सगळ्यात स्वस्त धंदा आहे. फोटो दाराशी लावू, खाली प्रश्न लिहू. पोरं नाराज.

१९ जुलै

डॅफ्ने मेजरचं पॅनेल. हे भिंतीचं मधलं आणि सगळ्यात मोठं. गॅलापागोसमधलं हे बेट अर्धा चौरस किलोमीटरही नाही, आपल्या दिवाडीपुढे ठिपका. पीटर आणि रोझमेरी ग्रांट यांनी १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांना कडी घातली, चोची मोजल्या, कोणाचं पिल्लू कोणाचं हे लिहून ठेवलं. आमच्या नियमात हे उदाहरण जितकं चपखल बसतं तितकं दुसरं नाही.

१९७७ मध्ये पाऊस पडलाच नाही म्हणावं असा. मऊ, बारीक बिया आधी संपल्या. उरली सराट्याच्या कुळातली टणक काटेरी फळं. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम चोचीच्या फिंचांपैकी सुमारे ८५ टक्के मेले. वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्या सरासरीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जास्त निघाली, आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची. दुष्काळात एकाही पक्ष्याची चोच वाढलेली नव्हती.

बाई सोलापूरकडच्या, सराट्याची त्यांच्या तळपायांना ओळख आहे. त्यांनी गावाहून मूठभर मागवले. गोव्याच्या पोरांनी पहिल्यांदाच हातात घेतले आणि पकडीने फोडायला बसली. बारीक चिमट्याने फुटत नाही, पकडीने फुटतो. पॅनेलखाली टेबलावर हेच ठेवायचं, चिमटा आणि पकड दोरीने बांधून, नाहीतर दुसऱ्या दिवशी गायब.

उजव्या बाजूला १९८३. एल निन्योचा धो धो पाऊस, बेटभर बारीक बियांचं रान. पुढच्या कोरड्या वर्षांत बारीक चोचीचे जास्त तगले आणि सरासरी मागे सरकली. बाईंनी बाण फक्त उजवीकडे काढला होता, आता तो वळवायचा. निवडीला पुढे-मागे काही ठाऊक नाही, त्या वर्षी जमिनीवर कुठलं बी आहे तेवढंच.

९ ऑगस्ट

मँचेस्टरचा काळा पतंग काढून टाकला. १८४८ मध्ये पहिली नोंद, १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे, धूर कमी झाल्यावर उलट प्रवास. उदाहरण पक्कं आहे, नियमातही बसतं, पण पाठ्यपुस्तकात वाचून वाचून लोकांचे डोळे त्यावरून घसरतात. त्या जागी डास.

डीडीटी डासाच्या मज्जातंतूतलं सोडियमचं दार उघडं अडकवून ठेवतं, तंतू थांबेनासा होतो आणि डास तडफडून मरतो. दाराच्या प्रथिनात एक दुवा बदललेला असला तर डीडीटीला तिथे नीट बसता येत नाही. असे डास फवारणीआधीही थोडे असतातच. भारतात मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला आणि दशक संपायच्या आत दाद न देणारे डास नोंदले गेले. पोरांनी लगेच जूनचा आलेख शेजारी चिकटवला.

आणखी एक ओळ घालायची: उदबत्तीसारख्या कॉइलमधलं आणि प्लगमधलं औषध त्याच दाराला धरतं. म्हणजे आजोबांच्या काळच्या फवारणीने उरलेल्यांचा फायदा नातवाच्या खोलीतल्या डासालाही होऊ शकतो.

३१ ऑगस्ट

चवथ झाली, माटोळी उतरली, पोरं परत आली. आतापर्यंतची सगळी पॅनेलं एकाच समूहातल्या प्रमाणाची. त्यातून नवी प्रजाती कशी होते? प्रमाण कितीही हललं तरी सगळे एकमेकांत मिसळत असतील तर समूह एकच राहतो. मिसळणं थांबलं की दोन बाजूंचे हिशेब वेगळे चालू होतात, आणि पुरेसा काळ गेल्यावर पुन्हा भेटले तरी जुळत नाहीत.

यासाठी देवगांडूळ. गावात याला गांडूळ समजतात किंवा साप समजून ठेचतात. प्रत्यक्षात बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला, ओल्या मातीत राहणारा उभयचर. तोंड नीट बघितलं तर जबडा आणि दात आहेत, गांडुळाला कुठले?

आज भिंतीवर नकाशा पसरून टाचण्या लावल्या. गेगेनिओफिस या एकाच वंशातले: बोंडल्याचा नाडकर्णी (२००४), गोव्याच्या नावाचा गोआएन्सिस (२००७), चोर्ल्याकडचा म्हादेई (२००७), वर आंबोलीचा दानिएली (२००३), आणखी वर रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याचा शेषाचारी (२००३). बोंडला ते चोर्ला मोजपट्टीने पंचवीस किलोमीटरच्या आत. बिबट्याला ते एका रात्रीचं चालणं. देवगांडुळाला मधली नदी, तापलेला कातळाचा सडा, ओल नसलेली माती, यांतलं काहीही पुरतं. जाणकार त्यांच्या अंगावरची वळी मोजून एकाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखतात.

बाईंना प्रत्येक टाचणीपाशी "मिठाने निवडलं" तसं काहीतरी कारण लिहायचं होतं. नको म्हटलं. नकाशा ताटातूट दाखवतो, ताटातुटीनंतर फरक निवडीने पडला की योगायोगाने साठत गेला हे दाखवत नाही. लहान समूहात दोन्ही चालतं. पॅनेलवर दोन्ही शब्द घातले.

मग एकीचा प्रश्न: "अंतर नसेल तर?" तिच्या घरची काजूची बाग आहे. काजू पोर्तुगीजांनी आणला, मग त्यावरचा ढेकण्या, तो रस शोषणारा किडा, कुठून आला, नवीन प्रजाती झाली काय? ढेकण्या इथलाच. तो काजूवर येतो, पेरूवर येतो, कडुनिंबावरही येतो. एवढ्या ठिकाणी तोंड घालणाऱ्याची फाटाफूट व्हायला कारण नाही.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या फळमाशीचं आहे. ती हॉथॉर्न नावाच्या झुडपाच्या फळांवर वाढायची. एकोणिसाव्या शतकात, परदेशातून आणलेल्या सफरचंदावर तिच्यातल्या काही आल्या. सफरचंद काही आठवडे आधी पिकतं, आणि या माश्या नर-मादी भेटतात त्या फळावरच. म्हणजे फळ निवडलं की जोडीदारही ठरला. आजही पिढीमागे ४ ते ६ टक्के मिसळ होते, म्हणून त्या अजून एकच प्रजाती, पण दोन्ही गटांची वेळापत्रकं आणि जनुकं वेगळी पडू लागली आहेत. ढेकण्या आणि ही माशी एकाच पॅनेलवर शेजारी. एकाची फाटाफूट का नाही आणि दुसरीची का, हे तुलनेनेच कळतं.

२७ सप्टेंबर

चोडणहून काकांचा फोन, कोरगूट कापणीला आलं. पोरांना घेऊन गेलो. कापणी बघून झाल्यावर ओंब्या शेजारी ठेवल्या तर उंचीत, दाण्यात फरक दिसतो, एकाच शेतात. ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून वेचून गोवा धान १ आणि गोवा धान २ काढले. मीठ सोसतात आणि उतारा जास्त देतात.

काकांना विचारलं, मग तुम्ही ते का लावत नाही? "लावतो की तिकडच्या तुकड्यात. पण हे सोडणार नाही."

त्यांची कारणं चवीची आणि पेजेची. माझं वेगळं आहे. शुद्ध वाण म्हणजे सगळी रोपं जवळजवळ सारखी. मीठ आजच्याइतकंच राहिलं तर उत्तम. उद्या त्याहून वाढलं तर अशा शेतात निवडायला काही शिल्लक नसतं, सगळी तगतील नाहीतर सगळी जातील. काकांच्या मिसळ बियाण्यात उतारा कमी, पण फरक साठलेला आहे. हा परिच्छेद पहिल्या पॅनेलच्या तळाला. संस्थेच्या वाणांवर टीका वाटू नये म्हणून दोनदा लिहून काढला.

छपाई: सनबोर्ड. फ्लेक्स स्वस्त पडतं, पण रात्री दिवा पडला की चकाकतं आणि बारीक अक्षर दिसत नाही.

१८ ऑक्टोबर

पोरं दिवाळीच्या नरकासुराच्या कामात, कागद आणि खळ घेऊन रात्रभर. कोणी येणार नाही हे माहीत होतं, एकटाच बसलो.

खिडकीबाहेरच्या आंब्यात पर्णवटवट्या आला आहे. बोटाएवढा, हिरवट, पंखावर एक फिकट आडवी रेघ, आणि दोन तुकड्यांची तीच हाक दिवसभर. हा सायबेरियाच्या बाजूने हिवाळ्यापुरता येतो. याच्या नात्यागोत्याची विणीची ठिकाणं तिबेटच्या पठाराला वळसा घालून आहेत. हिमालयातून पश्चिमेकडून वर जात गेलं तर शेजारचे शेजाऱ्यांशी जुळतात, पूर्वेकडून वर गेलं तरी तेच. दोन्ही टोकं मध्य सायबेरियात भेटतात आणि तिथे जुळत नाहीत. गाणी दोन्ही बाजूंनी उत्तरेकडे जाता जाता लांब आणि गुंतागुंतीची होत गेली, पण वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि टोकाचे पक्षी पलीकडच्यांचं गाणं आपलं मानत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांनी हे २००१ मध्ये मांडलं.

२०१४ मध्ये त्यांच्याच जनुकीय अभ्यासातून दिसलं की हे वळसेदार कडं पूर्वी मध्येमध्ये तुटलेलं होतं आणि काही ठिकाणी नंतर मिसळही झाली. म्हणून पुस्तकांतलं अखंड वर्तुळ काढायचं नाही. बाईंना तुटक रेषेचं काढायला सांगितलं आहे. भेटायला येणारा पक्षी भिंतीवर असला की लोक खिडकीबाहेर बघतील, हा माझा स्वार्थ.

८ नोव्हेंबर

शेवटचं पॅनेल राहिलं आहे, तेही डॅफ्नेचंच. १९८१ मध्ये बेटावर एक परका नर आला, मोठ्या अंगाचा, मोठ्या चोचीचा, गाणं तिथल्या कोणाशी न जुळणारं. तो शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या एस्पान्योला बेटाचा होता हे जनुकांवरून नंतर कळलं. त्याने तिथल्या मध्यम चोचीच्या मादीशी घर केलं. पिल्लांनी बापाचं गाणं उचललं, चोच त्यांची ना इकडची ना तिकडची, आणि दोन पिढ्यांनंतर हा वंश आपल्यातच जोड्या लावू लागला. पुढच्या दुष्काळात एक भाऊ आणि एक बहीण एवढेच उरले, तरी वीण थांबली नाही. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. देवगांडुळांना ताटातुटीने जे मिळालं ते इथे उलट, परक्याच्या येण्याने. नदी नाही, सडा नाही, एक गाणं आणि एक चोच मध्ये उभी राहिली.

मजकुरावरून आमच्यात अजून वाद. माजी विद्यार्थ्याचं म्हणणं, वरती ठळक "नवी प्रजाती" टाका, लोक थांबतील. बाई म्हणतात, भाऊ-बहिणीवरून पुढे गेलेल्या वंशाला इतक्यात काय म्हणायचं? अभ्यासकांनीही त्याला औपचारिक नाव दिलेलं नाही, नुसतं "बिग बर्ड" म्हणतात. प्रत्येक पॅनेलवर शीर्षकाखाली शास्त्रीय नावाची पट्टी आहे, या पॅनेलवर ती कोरी ठेवायची असं ठरलं.

संध्याकाळी छपाईवाल्याचा फोन. आठ नंबरच्या फाईलमध्ये नावाची जागा चुकून रिकामी राहिली काय? तशीच छाप म्हटलं.